फोटोतली भिंत वाचताना: पीडित मुलाचा माग काढण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

सायबर तपासाच्या प्रशिक्षणाला नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातात एक फोटो ठेवतो. त्यात माणूस नाही. माझ्या मावशीचं स्वयंपाकघर आहे: काळ्या कडाप्प्याचा ओटा, त्यावर गोकुळ दुधाची रिकामी पिशवी, कोपऱ्यात निळं पिंप, भिंतीवर कुठल्याशा पतसंस्थेचं कॅलेंडर, आणि जाळीच्या खिडकीतून दिसणारा डोंगराचा तुकडा. प्रश्न एकच, हे घर कुठे आहे? वेळ एक तास. इंटरनेट चालेल, मला विचारलेलं चालणार नाही.

पहिलं उत्तर दुसऱ्याच मिनिटाला येतं. "कोल्हापूर, सर." गोकुळ म्हणजे कोल्हापूर, झालं. गोकुळची पिशवी मुंबई-ठाण्यात आणि पुण्यातही रोज सकाळी दारात येऊन पडते. वर्गातल्या कितीतरी जणांनी त्याच दुधाचा चहा पिऊन गाडी पकडलेली असते, पण त्या क्षणी ते कुणाला आठवत नाही. या फोटोकडे पुन्हा येऊ. आधी कामाची ओळख करून घ्या.

जप्त केलेल्या मोबाइलमध्ये किंवा हार्ड डिस्कमध्ये लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराचे फोटो, व्हिडिओ सापडतात. ज्याचा मोबाइल आहे तो कोठडीत असतो, त्याचं नाव, पत्ता, आधार सगळं कागदावर असतं. ते मूल मात्र कुणालाच ठाऊक नसतं. ते कुठल्या देशातलं आहे, आज किती वर्षांचं आहे, अजून त्याच माणसाच्या घरात राहतं का, काहीच माहीत नसतं. त्याचा शोध घेणं म्हणजे 'पीडिताची ओळख पटवणं'. यासाठी 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्द आपल्याकडे अजून सर्रास वापरतात. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयांना तो टाळायला सांगितलं आणि 'बाल लैंगिक शोषण व अत्याचार सामग्री' अशा अर्थाचा शब्दप्रयोग वापरायला सांगितला. लांबलचक आहे, पण बरोबर आहे. रोजच्या बोलण्यात आम्ही नुसतं 'सामग्री' म्हणतो.

हे वाचून कुणाला घरबसल्या असा शोध घ्यावासा वाटला, तर थांबा. अशी सामग्री शोधणं, पाहणं, साठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे, आणि ती जवळ ठेवणं पोक्सोच्या, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १५ खालीही अडकवतं. "या नराधमाला पकडा, जास्तीत जास्त शेअर करा" म्हणून गावभर फिरवलेला व्हिडिओ यातच मोडतो. फिरवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, आणि ते मूल त्या दिवशी आणखी हजार लोकांच्या खिशात जाऊन बसतं. समोर काही आलंच तर ते पुढे न पाठवता १०९८ या बाल हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर कळवा. मुंबईची आरंभ इंडिया ही संस्था २०१६ पासून इंटरनेटवरच्या अशा मजकुराच्या तक्रारी घेते. पुढचं सगळं सायबर सेल, न्यायवैद्यक प्रयोगशाळा किंवा त्यांच्या कराराखाली काम करणाऱ्यांसाठी आहे.

पहिली पायरी: मूळ वस्तूला हात लावायचा नाही

ही पायरी कोर्सच्या पुस्तकात तुम्ही वाचलेली असते, म्हणून थोडक्यात. मोबाइल चालू असेल तर नेटवर्कपासून तोडून फराडे बॅगेत, म्हणजे सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत, टाकायचा. डिस्क असेल तर तिच्यावर काही लिहिलं जाऊ न देणारा राइट ब्लॉकर लावून तिची हुबेहूब प्रत, म्हणजे इमेज, काढायची आणि मूळ मुद्देमाल सील करून ठेवायचा. इमेजची हॅश, म्हणजे फाइलवरून गणिताने निघणारा तिचा आकडी ठसा, पंचनाम्यात आणि प्रमाणपत्रात दोन्हीकडे जुळली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली हे प्रमाणपत्र दोन भागांत लागतं, एक उपकरण ज्याच्या ताब्यात होतं त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. दुसऱ्या भागावर तुमची सही असते. सही करण्याआधी हॅशचे आकडे स्वतः वाचा, दुसऱ्याने वाचून दाखवलेले चालत नाहीत.

दुसरी पायरी: यंत्राला त्याचं काम करू द्या

एका डिस्कवर दीड-दोन लाख फाइली असणं यात काही विशेष नाही. त्या एकेक करून उघडायला बसलात तर महिना जाईल आणि तुम्हीही. बहुतेक फाइली निरुपद्रवी असतात: विंडोजची चित्रं, लग्नाचे फोटो, गुड मॉर्निंगची फुलं. साधी हॅश लावून त्या बाजूला काढता येतात. पण साधी हॅश अतिशय कडक असते. फोटो किंचित लहान केला, एक बिंदू बदलला, तरी ती पूर्ण वेगळी येते. म्हणून मायक्रोसॉफ्टने डार्टमथ कॉलेजच्या मदतीने २००९ मध्ये फोटोडीएनए आणलं. ते चित्राच्या ठेवणीवरून ठसा घेतं, त्यामुळे आकार किंवा रंग थोडा बदललेला तोच फोटो ओळखता येतो. आधीच नोंद झालेली सामग्री अशी वेगळी होते, आणि जे कुणीच पूर्वी पाहिलेलं नाही ते हाती उरतं.

हे उरलेलं महत्त्वाचं. जुना, वीस वर्षं फिरत असलेला फोटोही तितकाच वाईट असतो, पण नवी, कुठेच नोंद नसलेली सामग्री म्हणजे ते मूल आज, या घटकेला कुणाच्या तरी तावडीत असण्याची शक्यता. रांगेत तिचा नंबर पहिला. हल्ली यात यंत्राने तयार केलेली खोटी चित्रंही मिसळलेली असतात आणि अस्तित्वात नसलेल्या मुलाच्या मागे दिवस फुकट जाऊ शकतो. त्यामुळे शंका आली तर आधी तेवढ्यापुरती तपासणी करून घ्या.

तिसरी पायरी: हे मूल सापडलेलं तर नाही ना?

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते. फोटो पाहून रक्त उसळतं आणि शोध सुरू होतो. आधी विचारायचं की हा शोध दुसऱ्या कुणी पूर्ण केलाय का.

टोरांटो पोलिसांची गोष्ट यासाठी मी दर वेळी सांगतो. एका लहान मुलीचे फोटो त्यांच्याकडे वर्षानुवर्षं येत होते आणि ती कोण हे कळत नव्हतं. २००५ च्या सुरुवातीला त्यांनी धाडस केलं. फोटोतून मुलगी पूर्ण पुसली, नुसती खोली ठेवली, आणि ती लोकांना दाखवली. थोड्याच वेळात ओळखणारे निघाले: फ्लोरिडातल्या ओरलँडोमधलं डिस्नेचं एक हॉटेल. पुढे उलगडलं की अत्याचार करणारा माणूस २००३ मध्येच अमेरिकेत पकडला गेला होता आणि मुलगी तेव्हाच सुटली होती. एका देशाच्या पोलिसांना जे माहीत होतं, ते शेजारच्या देशाच्या पोलिसांपर्यंत पोहोचलेलं नव्हतं.

असं होऊ नये म्हणून इंटरपोलचा आंतरराष्ट्रीय साठा आहे. २००९ पासून तो सध्याच्या रूपात चालतो. त्यात फोटोंबरोबर कुठल्या देशात कोण काय शोधतंय आणि कुठलं मूल सापडलंय याच्या नोंदी असतात. भारत २०२२ मध्ये सीबीआयमार्फत त्याला जोडला गेला. तुम्ही जिल्ह्याच्या सायबर सेलमध्ये असाल तर तुमची पायरी एवढीच की वरिष्ठांमार्फत विचारणा पाठवायची आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. थांबणं जड जातं. थांबा.

अमेरिकेतल्या हरवलेल्या व शोषित मुलांच्या राष्ट्रीय केंद्राकडूनही टिपलाइनचे, म्हणजे अशा सामग्रीबद्दल आलेल्या खबरींचे, अहवाल येतात. २०१९ च्या करारानंतर ते एनसीआरबी या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागामार्फत राज्यांना मिळतात. २०२३ मध्ये जगभरातून त्या केंद्राकडे ३ कोटी ६० लाखांवर अहवाल गेले आणि त्यांपैकी सुमारे ८९ लाख भारताशी जोडलेले होते. हा आकडा पेपरात वाचून लोक हादरतात. कामावर बसल्यावर कळतं की एकच व्हायरल व्हिडिओ हजार वेळा पाठवला गेला तर हजार अहवाल होतात. म्हणून अहवालांचा आकडा म्हणजे मुलांचा आकडा असं समजू नका. आणि तेवढ्यावरून कुठलाही अहवाल न उघडता ढिगाऱ्यात टाकू नका.

चौथी पायरी: मुलाकडे पाहणं थांबवा

वाक्य क्रूर वाटेल. पण फोटोतल्या मुलाच्या चेहऱ्यावर डोळे खिळले की मन तिथेच अडकतं आणि चेहरा पत्ता सांगत नाही. पत्ता भिंत सांगते. म्हणून मुलाचा भाग झाकून घ्यायचा, सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते, आणि उरलेल्या चौकटीचे तुकडे पाडायचे: वरचा डावा कोपरा, खिडकी, जमीन, अंथरूण, दूरची वस्तू. एकेक तुकडा एकट्याने पाहायचा.

वहीत तीन रकाने पाडा. दिसलं. वाटलं. ठरलं. 'दिसलं' मध्ये फक्त डोळ्यांना जे आहे ते: तीन गोल भोकांचं सॉकेट, पिवळी चादर, त्यावर निळी वेल. 'वाटलं' मध्ये अंदाज: भारत किंवा नेपाळ, श्रीलंका. 'ठरलं' हा रकाना पहिले काही दिवस रिकामाच राहतो आणि तो रिकामा ठेवता येणं हीच या कामाची निम्मी शिस्त आहे. तिथे लिहायचं तर दुसऱ्या, वेगळ्या वाटेने आलेला पुरावा हवा.

आता मावशीच्या स्वयंपाकघरात चला.

मागच्या एका तुकडीतल्या सगळ्यांनी गोकुळच्या पिशवीवरून कोल्हापूर पकडलं होतं. एकाने पुढे जाऊन कडाप्पा ओट्यावरून "जुनं बांधकाम" लिहिलं, ते ठीक. दुसऱ्याचं लक्ष निळ्या पिंपाकडे गेलं: पाणी रोज येत नसावं. हेही ठीक, पण अर्धा महाराष्ट्र त्यात बसतो. मग एकीने कॅलेंडर मोठं करून पाहिलं. पतसंस्थेचं नाव खिळ्याखाली दुमडलेलं, खाली फोन नंबर, त्यातले अर्धे आकडे ओट्यावरच्या डब्यांमागे. दिसत होतं ते एवढंच: २५१. तिने 'दिसलं' मध्ये २५१ लिहिलं. 'वाटलं' मध्ये लिहिलं, "०२५१ असेल तर कल्याण-डोंबिवली-उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर. पण नंबराचा मधला भागही असू शकतो. आणि कॅलेंडर कुणी पाहुण्याने आणून दिलेलं असू शकतं." शेवटच्या वाक्यासाठी मी तिला तिथेच पूर्ण मार्क दिले. आपल्याकडची कॅलेंडरं लग्नाच्या आहेरासारखी गावोगाव फिरतात.

कोडं सुटलं खिडकीत. त्या मुलीच्या शेजारी बसणारा मुलगा दर रविवारी डोंगरात जाणारा. त्याने डोंगराचा तुकडा पाहिला आणि म्हणाला, "हा मलंगगड." सुळक्याची धार त्याच्या ओळखीची होती. "कुठल्या बाजूने?" मी विचारलं. कारण मलंगगड कल्याणवरूनही दिसतो आणि पनवेलकडूनही, फक्त आकार बदलतो. त्याने मोबाइलमधले आपले जुने फोटो काढले आणि पाऊण तास कड्याच्या रेषा एकमेकींवर ठेवून पाहिल्या. शेवटी पनवेलची बाजू खोडली. मग दोघांनी आपापले रकाने एकत्र केले: फोन कोड एका वाटेने, डोंगर दुसऱ्या वाटेने, दोन्ही अंबरनाथच्या आसपास येऊन भेटले. मावशी अंबरनाथलाच राहते.

या फोटोत एक गोष्ट मलाही वर्षभर दिसली नव्हती. ओट्यावरच्या पिठाच्या डब्याच्या चकचकीत झाकणात फोटो काढणारा मी होतो, हातात मोबाइल, अंगात बनियन. एका तुकडीने ती दाखवली आणि वर्ग पाच मिनिटं हसत होता. स्टीलचे डबे, टीव्हीचा बंद पडदा, कपाटाची काच, नळाची तोटी: यांच्याकडे आधी बघा.

पाचवी पायरी: कान वेगळे लावा

व्हिडिओचा आवाज पहिल्या फेरीत बंद ठेवा. चित्रापेक्षा आवाज मनात जास्त दिवस राहतो, हे जुने लोक सांगतात आणि खरं आहे. आवाजाची फेरी वेगळी, तीही चित्र बंद करून, आणि शक्यतो सकाळी.

त्या फेरीत मागच्या आवाजांसाठी कान उघडे ठेवायचे. घंटागाडीचं गाणं गावोगाव वेगळं असतं, कधी त्यात नगरपालिकेचं नावही येतं. एसटी स्टँडची घोषणा, लोकलची घोषणा, शाळेची घंटा, अजान आणि आरती किती अंतराने झाली, भाजीवाल्याची आरोळी. आरोळीत भाजीचं नाव कोणतं हेही ऐका.

बोली ही दुधारी सुरी. 'मले-तुले' ऐकलं की विदर्भ, 'माका-तुका' ऐकलं की मालवण किंवा त्याखालचा कोकणी पट्टा, 'मना-तुना' म्हटलं की खानदेशातली अहिराणी, हे कुणीही सांगेल. पण बोली माणूस कुठे वाढला ते सांगते, तो आत्ता कुठे उभा आहे ते सांगत नाही. बीडची बोली बोलणारं कुटुंब ऊसतोडीच्या हंगामात सांगली-कोल्हापूरच्या फडात असतं किंवा कर्नाटकात. नागपूरचा माणूस पिंपरीच्या कारखान्यात असतो. त्यामुळे बोली 'वाटलं' च्या रकान्यात, आणि ज्याची ती मातृभाषा आहे अशा सहकाऱ्याकडून ऐकवून घेतल्यावरच. मी पुण्यात वाढलो. झाडीपट्टीची बोली मला ओळखता येते असं मला वाटायचं, गडचिरोलीच्या एका हवालदाराने तो गैरसमज दूर केला.

लिहिलेल्या भाषेचंही तसंच. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड पोलिसांनी एका छुप्या मंचाच्या चालकाचा माग काढला तो एका चुकार अभिवादनाच्या शब्दावरून. 'हायाज' असं काहीतरी तो सारखं लिहायचा आणि हीच लकब त्याच्या उघड्या खात्यांवरही होती. २०१४ मध्ये तो ॲडलेडला पकडला गेला.

सहावी पायरी: केव्हा?

फोटोच्या पोटात दडलेली माहिती, एक्झिफ, मिळाली तर सोनंच. पण कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं असू शकतं आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ती बहुधा उरलेली नसते. फाइलच्या नावातली तारीख पाहून नवखे खूश होतात. व्हॉट्सॲपने दिलेल्या नावातली तारीख फोटो त्या मोबाइलमध्ये आल्याची असते, काढल्याची नाही. परदेशातून आलेल्या अहवालातली वेळ कुठल्या प्रमाणवेळेत आहे तेही पाहा. साडेपाच तासांच्या फरकाने भलत्याच माणसाच्या आयपी पत्त्यावर पोलीस जाऊन धडकू शकतात.

बरं, तारीख नाहीच मिळाली तर दोन टोकं शोधा: यापूर्वी नाही आणि यानंतर नाही. फोटोतली बिस्किटाच्या पुड्याची नवी छपाई केव्हा बाजारात आली? टीव्हीवरची मालिका केव्हा संपली? दोन टोकांमध्ये जितकं कमी अंतर, तितकं मुलाचं आजचं वय नक्की. आठ वर्षांच्या मुलाला शोधत शाळा पालथ्या घालाव्यात आणि ते मूल आता कॉलेजात असावं, असं व्हायला नको.

सातवी पायरी: ज्याला कळतं त्याला विचारा

एका माणसाच्या डोक्यात जग मावत नाही. पण विचारायला जाताना काय घेऊन जाता याला महत्त्व आहे. चादरीच्या व्यापाऱ्याला चादरीचा तुकडा दाखवा, बास. तो कुठल्या प्रकरणातला आहे हे त्याला कळू नये. तुकडा इतका कापलेला असावा की त्यात मुलाच्या शरीराचा, सावलीचाही भाग नसेल. सोलापूरच्या चादरीवाल्याला, शाळेच्या गणवेशाच्या दुकानदाराला, महावितरणच्या मीटर बसवणाऱ्याला एका नजरेत जे कळतं, ते तुम्हाला आठवडाभर शोधून सापडत नाही.

हाच उपाय युरोपोल, म्हणजे युरोपीय संघाची पोलीस संस्था, २०१७ पासून मोठ्या प्रमाणावर करतं. इतर सगळे मार्ग संपले की फोटोतली एखादी वस्तू, पिशवी, शर्ट, शांपूची बाटली, तेवढीच कापून लोकांसमोर ठेवतात आणि विचारतात, ही कुठली?

वस्तू बोलते कशी ते पाहा. नोव्हेंबर २०११ मध्ये डेन्मार्कच्या पोलिसांना एका मुलीबद्दलचा मजकूर आणि फोटो सापडले आणि ते अमेरिकेला कळवले गेले. एका फोटोत गाडीच्या खिडकीतून रस्त्यावरची पिवळी पाटी पुसटशी दिसत होती. अमेरिकी अधिकाऱ्यांनी ती मोठी केली तर त्यावर सूर्यफूल. सूर्यफुलाची पाटी कॅन्सस राज्याच्या महामार्गांवर असते. मग अधिकारी गाडी घेऊन त्या रस्त्यांवर पाट्या पाहत फिरले. १३ दिवसांत ११ वर्षांची मुलगी सुखरूप सापडली. यात संगणकाने पाटी मोठी केली, बाकी सगळं रस्त्यावरचं काम.

दुसरं उदाहरण बोस्टन भागातलं, २०१० चं. एका जप्तीत सव्वा-दीड वर्षाच्या मुलाचा फोटो होता, हातात कापडी ससा. सशाचा चेहरा दोन टिंबं आणि एक फुली. नेदरलँड्समधल्या बाळांच्या चित्रपुस्तकांतला हा मिफी, हे ओळखल्यावर फोटो डच पोलिसांकडे गेला. त्यांना मार्ग उरला नाही तेव्हा त्यांनी ७ डिसेंबर २०१० ला टीव्हीवर त्या मुलाचा चेहरा दाखवला. घरच्यांनी तो ओळखला आणि त्याच रात्री ॲमस्टरडॅमच्या पाळणाघरांत काम करणाऱ्या माणसाला अटक झाली. चेहरा दाखवणं हा अगदी शेवटचा उपाय. त्या मुलाला पुढे जन्मभर त्याच गावात राहायचं असतं. आपल्याकडे पोक्सोचं कलम २३ पीडित मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं, अपवाद फक्त विशेष न्यायालयाच्या परवानगीचा. हा निर्णय तुमच्या टेबलावर होणारा नाही.

इतकं करूनही किती सापडतात? १९९८ मध्ये अनेक देशांनी मिळून एका टोळीवर एकाच वेळी छापे घातले. साडेसात लाख फोटो मिळाले आणि त्यांत बाराशेहून अधिक वेगवेगळी मुलं दिसली. ओळख पटली ती वीसहून कमी मुलांची. तेव्हा सामाईक साठे नव्हते, फोटोडीएनए नव्हतं. आज परिस्थिती बरीच सुधारली आहे, पण तो आकडा मी वर्गात फळ्यावर लिहून ठेवतो.

आठवी पायरी: टिपण

तुमचं टिपण तपास अधिकारी वाचणार, मग सरकारी वकील, मग बचावाचा वकील. शेवटचा वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहा. "आरोपीच्या घरातलीच खोली आहे" असं लिहू नका. "खोलीच्या फरशीची नक्षी, खिडकीच्या जाळीचा नमुना आणि भिंतीवरचा तडा, पंचनाम्यातल्या छायाचित्र क्र. १४ शी जुळतात" असं लिहा. मुलाचं वर्णन लागेल तितकंच करा. हे टिपण बरेच हात फिरतं, आणि कधीतरी ते मूल मोठं होऊन तेच कागद मागू शकतं. जे चुकीचं निघालं तेही ठेवा: कोणती शाळा तपासली आणि का खोडली. पुढचा माणूस त्याच शाळेत पुन्हा जाऊ नये.

नववी पायरी: दारापर्यंत

पत्ता मिळाला की तुम्ही मागे व्हायचं. पुढे जाणाऱ्यांना एवढं मात्र नीट सांगा की मुलाला कदाचित फोटो काढल्याचंच माहीत नसेल, आणि अत्याचार करणारा त्याच घरात असू शकतो. म्हणून गल्लीत पोलिसांची गाडी, गणवेश, शेजाऱ्यांकडे चौकशी, काही नको. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यांत घ्यायचा. पोक्सोचं कलम २४ तसं सांगतं. चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवावं लागतं. आणि ओळख पटवायला म्हणून मूळ फोटो मुलासमोर किंवा आईसमोर ठेवायचा नाही. चेहऱ्यापुरता कापलेला, साधा तुकडा पुरतो.

तुमच्याबद्दल

हे शेवटी लिहितोय, पण पहिल्या दिवसापासून पाळा. दिवसाला किती तास पाहायचं ते आधी ठरवा आणि त्यात बदल करू नका. चित्र लहान ठेवा, शक्य तिथे काळं-पांढरं करा. एकट्याने खोलीत बसू नका. घरी निघण्याआधीचा अर्धा तास अहवाल, पत्रव्यवहार, काहीही कोरडं काम करा. तुमच्या घरात त्याच वयाचं मूल असेल आणि त्याला आंघोळ घालताना हात थबकला, तर ते वेड नाही. या कामात कधी ना कधी सगळ्यांचं असं होतं. त्या आठवड्यात वरिष्ठांना सांगून दुसरं काम मागा. आम्ही एकदा एका ऑफिसात समुपदेशक मागितला तर "स्टाफला योगा लावा" असं उत्तर आलं. योगा चांगलाच आहे. समुपदेशकही हवा. लेखी मागा, पुन्हा मागा.

आणि एक सवय लावून घ्या. मूल सापडल्याचं कळलं की त्या दिवशी बाकी काहीही पडलेलं असलं तरी साठ्यातली त्याची नोंद आधी बदलून घ्या: फोटोंच्या मालिकेसमोर 'ओळख पटली', तारीख, विभाग. दोन मिनिटांचं काम आहे. ती नोंद झाली की ब्राझीलमध्ये किंवा भंडाऱ्यात जो कुणी उद्या तोच फोटो उघडून, मुलाचा भाग झाकून, खिडकीकडे बघायला बसेल, त्याला ती फाइल बंद करून पुढची उघडता येईल.